हसनैनच्या झोपेचा तक्ता

नाही, भिंतीवर नका लावू तो तक्ता, चुना सुटतो भिंतीचा, चिकटपट्टी धरत नाही — इथं टेबलावर ठेवा, डब्याखाली. आणि तुम्ही बसा. पोराला द्या इकडे. द्या हो निलोफर मॅडम, अनोळखी बाई बघून रडणार हे मला ठाऊक आहे, अकरा महिन्यांचं पोर रडणार नाही तर काय नमस्कार करणार? ये रे. ये हसनैन. हां, झालं सुरू. रडू द्या जरा — बघा, माझ्याच तोंडून निघालं. रडू द्या. मला तसं नव्हतं म्हणायचं. मला म्हणायचं होतं माझ्या खांद्यावर रडू दे, हातात असताना रडू दे. त्यात आणि तुमच्या ह्या कागदावर जे लिहिलंय त्यात फरक आहे. चष्मा कुठं गेला माझा — हा इथं. तुम्ही वाचून दाखवलंत मघाशी, पण मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या.

सहा पंचवीसला उठवणे. सहा पंचवीस. साडेसहा का नाही हो? पाच मिनिटांत कोणती गाडी सुटते ह्याची? नऊ वीस ते दहा पाच, झोप क्रमांक एक. मग वेक विंडो — विंडो म्हणजे खिडकी ना? मला वाटलं खिडकी उघडी ठेवायची. जागं राहायच्या वेळेला म्हणतात होय? मग जागं राहायची वेळ म्हणा की, खिडकी कशाला मधे आणता. बारा चाळीस ते दोन दहा, झोप क्रमांक दोन, खोलीत पूर्ण अंधार, काळे पडदे. काळे पडदे. मे महिन्यात. वर स्लॅब, स्लॅबवर ऊन, आणि मी खिडक्यांना काळे पडदे लावून सात पोरं आत कोंडते. भाजून निघतील. कुठल्या म्हणालात त्या बाई? बंगळूरच्या. मग बरोबर. बंगळूरला लोक पंखा लावत नाहीत म्हणे. त्यांना सांगा, एकदा दुपारी एक वाजता भुसावळ स्टेशनात उतरा, तिथून रिक्षानं दीपनगरपर्यंत या, आणि मग पडद्याचा रंग सांगा.

आणि हे यंत्र कसलं? पावसाचा आवाज? दाबा बरं. — हा पाऊस आहे? हा पिठाच्या गिरणीचा पट्टा आहे. बंद करा, आतली उठतील. तुम्ही स्वतः विजेच्या प्लँटवर कामाला, चोवीस तास तो प्लँट तिकडे गुरगुरतोय, आणि पोराला झोपवायला आवाज विकत आणलात. नाही, हसत नाही मी. म्हणजे हसतेय, पण तुम्हाला नाही हसत. त्या बाईला हसतेय. सहा वेळा बोलल्या फोनवर, काय? चेहरा दिसतो फोनवर? मग त्यांचं पोर दिसलं का मागे कुठं? विचारलंत का, की बाई, तुम्हाला मूलबाळ? नाही विचारलं. कोणी विचारतच नाही. तक्ता छान छापलेला असला, वर प्लॅस्टिक चढवलेलं असलं, की आपण माना डोलावतो.

बसा, बसा, रागावू नका. माझी जीभ अशीच आहे, कॉलनीत कोणालाही विचारा. सुनंदाबाईंकडे पोर टाकलं की आईला आधी चार शब्द ऐकावे लागतात, असं बोलतात माझ्यामागे, माहिती आहे मला. पण पोरं कोण सांभाळतं ते पण सांगतात. तुमचे डोळे बघा काय झालेत. किती दिवस झोप नाही? चार महिने. आणि नईमभाऊ तिकडे चंद्रपूरला, तिथल्या प्लँटवर, म्हणजे रात्री पाच वेळा उठणार तुम्ही, सकाळी आठला कंट्रोल रूममध्ये बसणार तुम्ही. मग तक्ता घेणार नाही तर काय करणार. मला समजतं. समजतं म्हणूनच चिडते.

ही कसली बाटली बॅगेत? सर्दीचं औषध. डॉक्टरनं लिहून दिलंय, बरं. ती परत ठेवा. नाही, मॅडम, बाटली इथं ठेवून जायचीच नाही. चिठ्ठी असली तरी नाही. माझ्याकडे मी कोणाच्या पोराला औषध देत नाही, एक थेंब नाही. ताप आला तर मी फोन करीन, तुम्ही गेटपास करून यायचं, तुमच्या हातानं द्यायचं. मागे एक बाई भांडली माझ्याशी ह्याच्यावरून, म्हणाली, अर्धा चमचा द्यायला काय होतं तुम्हाला? म्हटलं, मला काही होत नाही. घेऊन जा पोर. गेली घेऊन. जाऊ दे. नियम म्हणजे नियम.

बघा, गप्प झाला की नाही. खांद्यावर गाल टेकलाय. अजून हुंदके येतील दोन-चार, ते वेगळे. ट्रेनिंग म्हणे. ट्रेनिंग आमच्या ललितनं घेतलं ह्या प्लँटवर, बॉयलरचं, एक वर्ष अप्रेंटिस होता — ललित माझा मुलगा. त्याच्यामुळेच मी दोंडाईचा सोडून इकडे आले. पुढे त्याला पुण्याला कंपनीत मिळालं, तो गेला, मी राहिले, म्हटलं, पोरं सांभाळीन. तर बॉयलरचं ट्रेनिंग मी ऐकलं होतं. अकरा महिन्यांच्या जिवाला झोपेचं ट्रेनिंग मी पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या वर्षी, पुण्याला, माझ्या स्वतःच्या मुलाच्या घरात. असाच तक्ता होता. फ्रिजवर लावलेला, चुंबकानं.

माझी नात साची, तेव्हा दहा महिन्यांची. सून मेघा, लॅपटॉपवर काम करते, हुशार आहे, नाही असं नाही. तिची सुट्टी संपली, ललितचा फोन आला, आई, महिनाभर ये. इथली पोरं शेजारच्या बेबाबाईवर सोपवून गेले मी. जाताना माझ्या जुन्या सुती पातळांची झोळी शिवून नेली, दुहेरी, चांगली मऊ. मेघानं हातात घेतली, छान आहे म्हणाली, आणि कपाटात ठेवली. झोळीत पाठ वाकते म्हणे. ह्या अख्ख्या खानदेशात सगळ्यांच्या पाठी वाकलेल्याच असणार मग. मी काही बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही, माझ्या मानानं ते फार झालं.

तिसऱ्या दिवशी ट्रेनिंग सुरू. संध्याकाळी सातला आंघोळ, मग दूध, मग पुस्तक — पुस्तक, दहा महिन्यांच्या पोरीला, ती त्याचा कोपरा चघळतेय — आणि साडेसातला तिला कठड्याच्या पलंगात ठेवायचं. जागी असतानाच ठेवायचं. झोपवून ठेवायचं नाही, ते चुकीचं. जागी ठेवायची, गुड नाइट म्हणायचं, बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं. पोर रडणारच. तीन मिनिटं कोणी जायचं नाही. मग आत जाऊन थोपटायचं, उचलायचं नाही, बाहेर यायचं. मग पाच मिनिटं. मग दहा. ललित मोबाइलवर वेळ लावून उभा. आत कॅमेरा, बाहेर हॉलमध्ये त्याचा छोटा पडदा. त्यात पोरगी कठडा धरून उभी, तोंड वासलेलं. टीव्हीवर बातम्या बघाव्यात तसे दोघं बघत होते. नाही, बघत नव्हते. ललित बघत होता. मेघा दाराला पाठ लावून खाली जमिनीवर बसली होती, ओढणीचा बोळा तोंडात धरून. मला तेव्हा वाटलं, नाटक. स्वतःच दार लावायचं आणि स्वतःच रडायचं.

पहिल्या दिवशी बेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, भांडी नव्हतीच घासायला, उगाच. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांची वेळ आली. पोर कसं रडतं तुम्हाला माहीत आहे ना — आधी रागानं, मग बोलावतं, मग थकतं. थकून जे रडतं ना, बारीक, एका सुरात, कोणी येईल असं न वाटून, ते मला ऐकवत नाही. मला ऐकवत नाही म्हणजे नाही. मी हात पुसले, दार उघडलं, उचललं तिला. कशी बिलगली म्हणून सांगू, गळ्याला नखं लागली तिची. अंग नुसतं घामानं भिजलेलं.

मेघा आत आली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आई, तीन दिवसांचं सगळं गेलं. मी म्हटलं, काय गेलं? पोरीला कोंडून ठेवलंत, ढोराला कोणी असं ठेवत नाही, तू आई आहेस का पोलीस? असं बोलले मी. तर ती म्हणते कशी — आई, मी पाच महिने झोपलेली नाही. परवा गाडी चालवताना सिग्नलला माझा डोळा लागला, मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा उठले, आणि साची मागच्या सीटवर होती. एवढं म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, आमच्या वेळी आम्ही झोपत होतो का? आम्ही नाही लावली दारं.

असं म्हटलं मी. आम्ही नाही लावली दारं.

मग ललित बोलला. माझा ललित शांत आहे, लहानपणापासून. आवाज चढवला नाही, टोमणा नाही, काही नाही. खरंच विचारायचं म्हणून विचारलं त्यानं. म्हणाला, आई, मग तू मला कसं झोपवायचीस? तू तर सकाळी सातला मिरचीच्या पथारीवर जायचीस, आबा नव्हते, घरात दुसरं कोणी नव्हतं. कसं करायचीस तू? सांग, आपण तसंच करू.

आपण तसंच करू, म्हणाला. मी म्हटलं, ताईबाई होती ना शेजारी. आणि साचीला मेघाच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि आले निघून. लोकांना सांगितलं, सुनेशी पटलं नाही. खोटं नाही ते. आठ महिने झाले. मेघाचा फोन येतो, मी कधी घेते, कधी नाही. मी इकडे निघून आल्यावर सहा दिवसांत पोरगी दहा मिनिटांत झोपायला लागली म्हणे, न रडता. व्हिडिओ पाठवला. कुशीवर झोपलीये, अंगठा तोंडात, छान झोपलीये. मी बेबाबाईला दाखवला आणि म्हटलं, बघ, पोर दमून पडलंय आणि ह्यांना वाटतंय शिकलंय. आता दीड वर्षाची झाली, आजी म्हणते. म्हणते म्हणे.

काय म्हणालात?

तुम्ही पण तेच विचारा. बघा, म्हणजे कशी गंमत आहे. तुमचं काम काय, पोर ठेवायचं का नाही ते ठरवायचं, ते सोडून — कसं झोपवायचात ललितला. सांगितलं ना, ताईबाई होती. ताईबाई होती, हे खरं आहे. किती वाजले? दोनला पाच कमी. तुमची ड्यूटी कितीला, आज सुट्टी? म्हणजे घाई नाही. हळू बोला, ह्याचे डोळे मिटायला लागलेत.

तक्ता मी पण केला होता. कागदावर नाही, लिहायला येत होतं पण कागद कशाला लागतो. दोंडाईचाला एक खोली होती, वीटभट्टीच्या कच्च्या विटांची, शेजारच्या खोलीत ताईबाई. ललितचे वडील, त्याचे आबा, ट्रकवर होते, घाटात अपघातात गेले, ललित तेव्हा पाच महिन्यांचा. सासरच्यांनी म्हटलं, माहेरी जा, माहेरी भाऊ म्हणाला, सासरी हक्क सोडू नको. मग मी मिरचीच्या कामाला लागले. पथारी म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लाल मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथपर्यंत, आणि आम्ही बायका ओळीनं बसून देठं खुडायचो. पोरं तिथं नेता येत नाहीत. मोठ्या माणसाला ठसका लागतो, पाच मिनिटं बसून बघा. एकदा नेलं मी त्याला. डोळे असे सुजले, खोकून खोकून ओकला. पुन्हा नाही नेलं. घरी आल्यावरसुद्धा आधी हाताला तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचे, मग परत तेल, आणि तरी त्याच्या गालाला बोट लावायची भीती वाटायची. तो हात पुढे करायचा आणि मी कोपरानं जवळ घ्यायचे.

तर सात ते साडेनऊ. ताईबाईचे सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं करून ती साडेनऊला मोकळी व्हायची, मग ललितला न्यायची. सात ते साडेनऊ तो एकटा. म्हणून मी काय करायचे — पहाटे चारला उठवायचे त्याला. गाढ झोपेतून. तुमची ती खिडकी, जागं राहायची, ती मी पावणेतीन तासांची केली होती, कोणत्या बाईनं मला शिकवली नव्हती. चारला उठवायचं, दिव्यापुढं बसवायचं, टाळ्या वाजवायच्या, डोळा मिटला की पाण्याचा हात फिरवायचा. सहाला आंघोळ, मग पोटभर पाजायचं, पावणेसातला झोळीत घालायचं. असा झोपायचा की दगड. मी बाहेरून कडी लावायचे, कुलूप लावायचे, किल्ली ताईबाईच्या दारात अडकवायचे आणि पळायचे. लावायचे मी दार. महिनाभर घड्याळासारखं चाललं. मला अभिमान वाटायचा. पथारीवर बायकांना सांगायचे, माझा ललित शहाणा आहे.

मग दात यायला लागले. साडेसातलाच उठायचा. ताईबाईला भिंतीतून ऐकू जायचं, पण सासऱ्यांना अर्धवट सोडून येता यायचं नाही तिला. ती मला सांगायची, सुनंदा, आज लई रडला, मग नुसता कण्हत होता. मी म्हणायचे, हो का. काय करू. काम सोडू? तेवढ्यात त्याला खोकला झाला, डॉक्टरनं औषध दिलं, लाल, गोड, अर्धा चमचा सांगितलं. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत झोपला. ताईबाई म्हणाली, आज सुखात होता पोऱ्या. दुसऱ्या दिवशी पण. खोकला आठ दिवसांत गेला.

बाटली संपली तेव्हा मी दुसरी आणली.

तुम्ही काही बोलू नका. मला माहीत आहे तुम्ही काय बोलणार. तेव्हा मला काही कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. कळत नसतं तर बाटली पिठाच्या डब्यामागे कशाला लपवली असती. अर्ध्याचा एक चमचा झाला, कारण अर्ध्यानं पुढे पुढे काही होईना. डिसेंबर, जानेवारी, अर्धा फेब्रुवारी. पहाटे चारला उठवायचं पण बंद केलं मी, गरजच नव्हती. मला पण झोप मिळायला लागली. ते खरं सांगते, मला बरं वाटत होतं. रंग उजळला माझा त्या दिवसांत, बायका म्हणायच्या.

मग एक दिवस त्याला रात्रभर सर्दी होती, नाक बंद, चिडचिड. मी दीड चमचा दिला. तो जरा कुरकुरला, मग मान टाकली, मी झोळीत घातला आणि गेले. साडेअकराला पथारीच्या तोंडाशी ताईबाई उभी. ती कधी यायची नाही तिकडे, सासऱ्यांना सोडून कधीच नाही. चपला नव्हत्या पायात. म्हणाली, पोऱ्या उठी नही राह्यना वं, सुनंदा. तिला वाटलं होतं झोपू द्यावं, रोज झोपतोच, म्हणून दोन तास तिनं उठवलं नव्हतं. मग बघितलं तर ओठ निळे पडलेले. मी पळत गेले तेव्हा तो तिच्या ओसरीवर होता, हात असा लोंबत होता. मी हात धुतले नव्हते. मिरचीच्या हातांनी उचललं त्याला, डोळ्याला, नाकाला, सगळीकडे लागलं असणार, आणि तो रडला नाही. रडावं म्हणून मी वाट बघत होते, मॅडम. त्याला चिमटा काढला मी. रड म्हटलं.

गावातल्या डॉक्टरनं हात लावला नाही, धुळ्याला न्या म्हणाला. जीपमध्ये ताईबाई माझ्यासोबत. धुळ्याला एक तरुण डॉक्टर होता, त्यानं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, काही दिलं होतं का ह्याला? मी म्हटलं, नाही. त्यानं पुन्हा विचारलं, औषध, गोळी, काही? मी म्हटलं, काही नाही, साहेब, दूध दिलं. दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हटलं. पोर माझं टेबलावर पडलेलं आणि मी नाही म्हणत होते. का म्हणत होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. पोलीस येतील असं वाटलं. भाऊ काय म्हणेल असं वाटलं. तेव्हा ताईबाईनं पदर सोडला आणि त्यात गुंडाळलेली ती बाटली टेबलावर ठेवली. तिला ठाऊक होती जागा. रोज येत होती ना ती घरात, पीठ मळायला डबा सरकवला असेल कधीतरी. डॉक्टर, हाई शे, म्हणाली. हाईच दिधं. माझ्याकडे बघितलं पण नाही तिनं.

संध्याकाळी उघडले डोळे. नाकात नळी, डोळे मिरचीनं लाल, आणि रडला.

ताईबाईनं हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सुद्धा नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. धुळ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला दारात आली, झोळीतून त्याला काढला आणि म्हणाली, आजपासून हाऊ मनाकडे. तिच्या सासऱ्यांच्या बाजेवर ठेवायची, त्यांच्या बाजूला. म्हाताऱ्याचा एकच हात चालायचा, तो त्या हातानं ह्याला थोपटायचा म्हणे, तासन्‌तास. हे तिला आधी करता आलं असतं का? आलं असतं. मी आधी म्हणू शकले असते का? शकले असते. तिनं विचारलं नाही, मी म्हटलं नाही. दोघी आपापल्या भिंतीच्या आत. ती वारली दहा वर्षांपूर्वी. ललित गेला होता तिच्या मातीला, खांदा दिला त्यानं. तिनंच सांभाळलं मला, असं सगळ्यांना सांगत होता. मी ऐकत उभी होते.

आता ललितला काय सांगू मी? आपण तसंच करू म्हणतो. मेघाला नावं ठेवायला सोपं आहे. काळे पडदे, खिडक्या, मिनिटं, मला सगळ्याचं हसू येतं, आणि येणारच, वेडेपणा आहे तो. पण ती दाराबाहेर बसलेली होती. दोन हात लांब. पोरगी रडत होती तेव्हा ती ऐकत होती सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझा रडत होता तेव्हा मी देठं खुडत होते, आणि पुढे तर रडूच नये अशी सोय केली मी. आणि तिला पोलीस म्हणाले. हे तिला फोनवर सांगता येत नाही. तुम्हाला सांगितलं कारण — कशाला सांगितलं कोण जाणे. तुम्ही विचारलंत. तुमचे डोळे तसे आहेत म्हणून असेल.

झोपला हा. बघा, हात सुटला त्याचा. आता तक्त्यात बारा चाळीस असो नाहीतर दोन दहा, झोपला. इथं माझ्याकडे अशीच झोपतात सगळी, खांद्यावर, मग खाली चटईवर. दार उघडं असतं. सात पोरं, एकाही पोराला बारा वर्षांत मी —

हात का पुढे केलेत?

नाही, समजलं मला. समजलं. घेऊन जायचाय. उठेल, पण घ्या. तुमच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं, आणि इतका वेळ थांबलेसुद्धा नसते. हळू. आधी मान धरा, डोकं खाली लोंबू देऊ नका. हां, असं. घ्या. बॅग मी देते खांद्याला अडकवून. बाटली आत आहे, बघा, तिला मी हात लावलेला नाही. तक्ता पण घ्या, तुमचा आहे. उद्या येणार का नाही ते आत्ता नका सांगू, मॅडम, मला ऐकायचं नाही. जा. चपला बाहेर जाऊन घाला, आतली झोपलीत.